टूंगॅबी, पॅरामॅटा, प्रॉस्पेक्ट : आपण राहतो तिथं झालेलं युद्ध

मृण्मयी_वेंटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

सिडनीच्या पश्चिमेला राहणाऱ्या मराठी माणसाला टूंगॅबी, वेंटवर्थविल, पॅरामॅटा, प्रॉस्पेक्ट ही नावं पाठ असतात. भाड्याचं घर इथं, किराणा इथं, गणपती इथं, मुलांची मराठी शाळा इथं. पण याच पट्ट्यात १७९० पासून १८०२ पर्यंत एक माणूस इंग्रजांशी लढत होता हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहितीये. त्याचं नाव पेमुलवॉय. प्रॉस्पेक्टजवळ त्याच्या नावाचं सबर्बसुद्धा आहे, आणि नाव कुणाचं म्हणून विचारलं तर "असेल काहीतरी अबोरिजिनल" एवढंच उत्तर येतं. म्हणून हा धागा.

मागचं थोडक्यात सांगते. २६ जानेवारी १७८८ ला आर्थर फिलिपनं सिडनी कोव्हला झेंडा लावला. कुणाशी तह नाही, जमिनीचा मोबदला नाही, सरळ मुक्काम. पुढच्याच वर्षी देवीची साथ आली आणि सिडनीच्या आसपासचे जवळजवळ निम्मे मूळ रहिवासी गेले. एवढा मार बसल्यावर उरलेले लोक खचून गेले असतील असं आपल्याला वाटतं, पण खरी लढाई त्याच्यानंतर सुरू झाली.

डिसेंबर १७९० मध्ये बिजिगल जमातीच्या पेमुलवॉयनं गव्हर्नर फिलिपच्या शिकाऱ्याला, जॉन मॅकिंटायरला भाला मारला. हा मॅकिंटायर आदिवासींना मारत असावा असा संशय त्याच्या बरोबरच्या गोऱ्यांनाही होता. फिलिप मात्र इतका भडकला की त्यानं वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याला हुकूम दिला, दोघांना जिवंत पकडा आणि दहा जणांची मुंडकी आणा, आणि मुंडकी आणायला कुऱ्हाडी आणि पोतीसुद्धा देऊ केली. टेंचनं रदबदली करून आकडा सहावर आणला आणि मुंडक्यांऐवजी पकडून आणायचं ठरलं. डॉज नावाच्या लेफ्टनंटनं तर आधी जायलाच नकार दिला होता. मोहीम निघाली, चिखलात रुतली, एकही माणूस हाती लागला नाही. पुन्हा निघाली, पुन्हा तेच.

मग मार्च १७९७. पेमुलवॉयच्या लोकांनी टूंगॅबीच्या सरकारी शेतावर धाड घातली, गोऱ्यांनी पाठलाग केला आणि गाठ पडली पॅरामॅटा गावात. निदान पाच आदिवासी तिथं पडले. पेमुलवॉयच्या अंगात आणि डोक्यात मिळून सात छर्रे गेले, त्याला दवाखान्यात नेऊन पायात बेडी ठोकली, आणि थोडं बरं वाटल्याबरोबर हा माणूस बेडीसकट पळाला. तिथून पुढं त्याच्या लोकांत बोलबाला झाला की याला गोळी लागतच नाही. आणखी पाच वर्षं तो लढला. १८०१ मध्ये गव्हर्नर किंगनं हुकूम काढला की पॅरामॅटा, जॉर्जेस नदी आणि प्रॉस्पेक्ट टेकडीजवळ दिसणाऱ्या आदिवासींना गोळ्या घालून हाकला, आणि पेमुलवॉयवर बक्षीस लावलं. जून १८०२ मध्ये त्याला गोळी घातली. त्याचं डोकं दारूत बुडवून लंडनला जोसेफ बँक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाकडं पाठवलं, आणि पाठवणाऱ्या किंगनंच पत्रात लिहिलंय की वसाहतीला याचा फार उपद्रव होता पण माणूस शूर आणि स्वतंत्र बाण्याचा होता. ते डोकं आजपर्यंत सापडलेलं नाही. २०१० मध्ये प्रिन्स विल्यम सिडनीला आला तेव्हा इथल्या लोकांनी त्याच्याकडं ते परत मागितलं.

बापामागं त्याचा मुलगा टेडबरी १८१० पर्यंत लढत राहिला.

मला यावर चर्चा हवीये. इथं शाळेत "वसाहत झाली" असं शिकवून पुढं जातात, माझं म्हणणं आहे की ही लढाई होती, दोन्ही बाजूंनी डोकं लावून लढलेली, आणि आपण जिथं राहतो तिथलं हे आपल्याला ठाऊक पाहिजे.

---

खानदेशी

ताई मस्त लिहिलंय, बारा वर्षं पेमुलवॉयच्या भागात राहून आलो पण हे माहिती नव्हतं. एक शंका. समोर बंदुका आणि यांच्याकडं भाले, मग एवढी वर्षं टिकले कसे?

---

मृण्मयी_वेंटी

@खानदेशी दादा, त्या काळची बंदूक म्हणजे ठासणीची मस्केट. तयार सैनिक असला तरी मिनिटाला दोन-तीन बार, पावसात दारू भिजली की तेवढेही नाहीत, आणि लांबचा नेम तर धरूच नका. भाला फेकणारा माणूस तेवढ्या वेळात कितीतरी भाले टाकतो, आणि वूमेरा म्हणजे भाला फेकायची काठी वापरली की भाला लांब जातो आणि जोरात जातो. लोक हे लवकर शिकले, आधी बार काढायला लावायचा आणि बंदूक ठासत असताना तुटून पडायचं.

पण खरी ताकद भाल्यात नव्हती, ती मक्यात होती. म्हणजे बघा, १७९४ पासून हॉक्सबरी नदीकाठी गोरे शेतकरी बसले. तिथल्या गाळाच्या जमिनीत दारुग लोकांचे रानकंद यायचे, ते त्यांचं रोजचं खाणं. ते खणून काढून तिथं मका लावला. मग लोकांनी मका न्यायला सुरुवात केली, पहिल्यांदा भुकेपोटी, आणि मग ठरवून. कणसं भरली की टोळ्या येणार, पोती भरून नेणार, उरलेलं शेत पेटवून देणार, एकाकी झोपड्यांवर हल्ला करणार आणि झाडीत पसार. वसाहत अन्नाच्या बाबतीत आधीच तोळामासा, त्यामुळं हा घाव वर्मी बसायचा. १७९५ मध्येच तेव्हाचा हंगामी कारभारी पॅटरसननं हॉक्सबरीला सैन्याची तुकडी पाठवली. हे प्रकरण १८१६ पर्यंत चाललं.

---

जुना_वाचक

लेख आवडला, पण थोडं वेगळं मत मांडतो. युद्ध म्हणायला दोन फौजा लागतात, सेनापती लागतो, तह लागतो. इथं शेकडो वेगवेगळ्या जमाती, प्रत्येकीची भाषा वेगळी, एकमेकांशी वैर. बहुतेक माणसं रोगानं गेली हे तुम्हीच लिहिलंय. मग चोऱ्या, धाडी आणि सूड याला युद्ध म्हणणं ही आजची भाषा वाटते मला. राग मानू नका.

---

मृण्मयी_वेंटी

काका, राग कसला, हाच प्रश्न इथं ऑस्ट्रेलियातही वर्षानुवर्षं भांडला गेलाय. पण तेव्हाच्याच सरकारनं काय केलं ते बघा. ब्लू माउंटन्स ओलांडून १८१५ ला बॅथर्स्टपर्यंत रस्ता झाला, मेंढ्या वाढत गेल्या, विराज्युरी लोकांची माळरानं गेली. त्यांचा म्होरक्या विंड्राडाइन. त्यांच्या हल्ल्यांनी गुराखी स्टेशनं (म्हणजे गुरं-मेंढ्या पाळायची मोठी ठाणी) सोडून पळायला लागले तेव्हा १४ ऑगस्ट १८२४ ला गव्हर्नर ब्रिस्बेननं बॅथर्स्ट भागात मार्शल लॉ पुकारला. चोरांवर कुणी मार्शल लॉ लावत नाही. विंड्राडाइनवर ५०० एकर जमिनीचं बक्षीस होतं. चार महिन्यांत किती विराज्युरी मारले त्याचा धड हिशोबसुद्धा ठेवला नाही. आणि डिसेंबर १८२४ च्या शेवटी विंड्राडाइन आपली माणसं घेऊन डोंगर उतरून पार पॅरामॅटापर्यंत चालत आला, गव्हर्नरच्या वार्षिक मेजवानीला, टोपीवर "शांतता" असं इंग्रजीत लिहिलेलं. डोक्यावर बक्षीस असलेला माणूस गव्हर्नरच्या अंगणात येऊन उभा राहतो आणि त्याला हात लावत नाहीत, तहाची बोलणी याहून वेगळी कशी असतात?

शेकडो जमाती होत्या हे खरं, आणि म्हणून एक युद्ध झालं नाही, शेकडो युद्धं झाली, सव्वाशे-दीडशे वर्षं, एकेका भागात वेगवेगळ्या वेळी.

---

होबार्टकर

जुना_वाचक काका, तुम्हाला फौज पाहिजे ना, मग टास्मानियात या.

मी होबार्टला राहतो म्हणून इथलं जरा सविस्तर लिहितो. तेव्हा याचं नाव व्हॅन डीमेन्स लँड. १८२० च्या सुमारास मेंढपाळ वसाहती मधल्या सपाट गवताळ पट्ट्यात पसरल्या, हाच पट्टा मूळ लोकांचा कांगारूच्या शिकारीचा. शिवाय गोऱ्यांत बायका कमी, त्यामुळं आदिवासी बायका पळवून नेणं हा रोजचा प्रकार, आणि या लढाईला जे तोंड फुटलं त्यात जमिनीइतकंच हे कारण होतं. १८२४ नंतर हल्ले वाढत गेले. इथल्या लोकांकडं वूमेरा नव्हता, लांब सरळ भाले हातानं फेकायचे, पण काय नेम. दिवसाढवळ्या एखादी झोपडी हेरायची, पुरुष बाहेर शेतावर गेला की घेरायचं, पीठ साखर चादरी बंदुका न्यायच्या आणि छप्पर पेटवायचं. रात्री मात्र हल्ला करायचे नाहीत, अंधारात भुताखेतांची भीती. आणि गोरे नेमके उलटे, ते दिवसा यांना शोधू शकायचे नाहीत म्हणून रात्री शेकोट्यांचा उजेड बघत जायचे आणि पहाटे झोपलेल्या माणसांवर गोळ्या घालायचे. म्हणजे दिवस यांचा आणि रात्र त्यांची, असं सात-आठ वर्षं.

नोव्हेंबर १८२८ ला गव्हर्नर आर्थरनं मार्शल लॉ लावला. आणि १८३० च्या ऑक्टोबरात जे केलं ते वाचून आजही चक्रावायला होतं, सुमारे २२०० माणसं, सैनिक, कैदी, शेतकरी, सगळ्यांची बेटाच्या आरपार साखळी केली आणि हाकारे घालत हाकारे घालत दक्षिणेकडं सरकायचं, म्हणजे पुढचे आदिवासी एका द्वीपकल्पात कोंडले जातील असा बेत. दाट रान, पाऊस, डोंगर, आठवडेच्या आठवडे हे चाललं आणि हाती काय आलं तर दोन माणसं पकडली आणि दोन मारली. बाकीचे रात्री साखळीतनं निसटून गेले. एवढी माणसं एका मोहिमेत त्याआधी या वसाहतीत कधी उतरवलीच नव्हती.

ज्यांच्याविरुद्ध ही फौज उभी केली त्या ऑयस्टर बे आणि बिग रिव्हर लोकांपैकी १८३१ च्या शेवटी किती उरले होते माहितीये? २६. त्यांचा प्रमुख टाँगरलाँगेटर, एक हात गमावलेला, तरी लढत होता. ३१ डिसेंबर १८३१ ला त्यांनी हत्यार ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात होबार्टच्या रस्त्यांवरनं चालत गव्हर्नरला भेटायला आले, सगळं गाव बघायला लोटलं. मग त्यांची रवानगी फ्लिंडर्स बेटावर, तिथं बहुतेक सगळे आजारानं गेले. या लढाईत २०० हून जास्त गोरे मेले आणि आदिवासी ६०० ते ९०० असा इतिहासकारांचा अंदाज आहे. वसाहतीची लोकसंख्या बघता २०० हा लहान आकडा नाही.

आणि ट्रुगनिनी, इथल्याच मूळ लोकांपैकी एक बाई. १८७६ मध्ये ती गेली, मरताना तिला एकच भीती होती की माझं शरीर कापतील. पुरलं, मग उकरून काढलं, आणि तिचा सांगाडा इथल्या म्युझियममध्ये १९४७ पर्यंत लोकांना बघायला ठेवला होता. १९७६ मध्ये तिची रक्षा समुद्रात सोडली. ती गेली आणि टास्मानियातले आदिवासी संपले असं शाळेत शिकवायचे, ते साफ खोटं आहे, त्यांचे वंशज आजही इथं आहेत आणि हक्कानं बोलतात.

---

विदुला_क

होबार्टकर, अंगावर काटा आला.

---

अनुराधा_पी

मी इतिहासाची विद्यार्थिनी, मुंबईवर काम करते, म्हणून एक धागा जोडते. १८१० ते १८२१ न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी. हा मॅक्वारी १७८८ मध्ये, म्हणजे तिकडं सिडनीला झेंडा लागला त्याच वर्षी, ७७ व्या रेजिमेंटबरोबर मुंबईत उतरला होता. इथंच १७९३ ला त्याचं जेन जार्व्हिसशी लग्न झालं, ती मकावला वारली तर तिला परत मुंबईला आणून पुरलं. १७९२ आणि १७९९ या दोन्ही वेळी तो श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात होता, मधल्या काळात मलबारात पळस्सी राजाविरुद्धच्या मोहिमेतही. म्हणजे जंगलात लपून लढणाऱ्या लोकांशी कसं लढायचं याचा अनुभव त्याला आपल्याकडं मिळाला होता.

१८१६ च्या एप्रिलमध्ये त्यानं सैन्याच्या तीन तुकड्या पाठवल्या, आदिवासींना पकडा, विरोध केला तर गोळी घाला, आणि मेलेल्या पुरुषांची प्रेतं उघड्यावर झाडांना टांगा म्हणजे बाकीच्यांना दहशत बसेल. १७ एप्रिलच्या पहाटे कॅप्टन वॉलिसच्या तुकडीनं ॲपिनजवळ दारावल लोकांचा तळ गाठला. एका लहान मुलाच्या रडण्याच्या आवाजानं त्यांना माग लागला. लोक गोळ्या चुकवत कड्याकडं धावले आणि कॅटरॅक्ट नदीच्या दरीत कोसळले. निदान १४ मेले, त्यात बायका-मुलं. कॅनाबिगल नावाच्या म्होरक्याचं डोकं कापून घेतलं, ती कवटी एडिंबरोला गेली आणि १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियाला परत आली.

सिडनीत मॅक्वारीच्या नावानं युनिव्हर्सिटी, रस्ता, बँक सगळं आहे. मला तरी वाटतं की त्याच्या मुंबईतल्या दिवसांबरोबर हे ॲपिनही आपल्याकडं शिकवलं पाहिजे, एकाच माणसाची ही दोन टोकं.

---

राजगड_वारी

+१ अनुराधा, मॅक्वारी मुंबईत होता हे नवीनच कळलं.

---

खानदेशी

अजून एक विचारतो. आमच्याकडं धरणगावला आउट्रमनं १८२५ ला भिल्ल पलटण उभी केली, भिल्लांच्याच हाती बंदूक देऊन भिल्लांचा बंदोबस्त. तसं तिकडं काही झालं का?

---

टुवूंबाची_वाट

झालं आणि फार भयानक झालं. मी क्वीन्सलँडमध्ये आहे, इथं नेटिव्ह पोलीस १८४८ पासून होते, पहिला कमांडंट फ्रेडरिक वॉकर. वर गोरा अधिकारी, खाली आदिवासी शिपाई. फरक असा की शिपाई मुद्दाम लांबच्या प्रदेशातले घ्यायचे, स्थानिक भाषा येत नाही, नातं नाही, उलट परक्या मुलखात पळून जावं तरी स्थानिक लोक मारतील ही भीती. आणि माग काढण्यात तरबेज, त्यामुळं आधी जे लोक गोऱ्यांपासून रानात सुरक्षित होते त्यांना आता रानातही जागा राहिली नाही. भिल्ल पलटणीला शेती दिली, वसवलं, असं वाचलंय, इथं तसलं काही नाही, कामगिरी एकच. रिपोर्टात "पांगवले" असं लिहायचं आणि सगळ्यांना कळायचं की मारले.

१८५७ ला हॉर्नेट बँक नावाच्या स्टेशनवर ११ गोरे मारले गेले, १८६१ ला कलिन-ला-रिंगोला १९, एकाच हल्ल्यात एवढे गोरे यापूर्वी कधी मेले नव्हते. दोन्ही वेळा बदला घेताना जो आदिवासी दिसेल तो मारला, शेकडो. १८७० नंतर स्नायडर रायफली आल्या, पाठीमागून भरायच्या, भराभर बार. तुम्ही वर मस्केटचं गणित लिहिलंत ते तिथं संपलं. कल्काडून लोकांनी १८८४ ला क्लोनकरीच्या बाजूला एका डोंगरावर उभं राहून लढाई दिली, समोरासमोर, आणि ती रायफलींपुढं टिकली नाही.

पण त्याआधीची एक आमच्या गावाजवळची. १८४२ मध्ये किलकॉयला पिठात विष घालून आदिवासींना दिलं, पन्नासच्या वर माणसं मेली असं म्हणतात. पुढच्या वर्षी सप्टेंबर १८४३ ला मल्टगेरा नावाच्या म्होरक्यानं ब्रिस्बेन बाजूनं डार्लिंग डाउन्सवर चढणारा रस्ताच बंद पाडला. सामानाच्या बैलगाड्या अडवल्या, गाडीवान पळाले. मग गोरे जमीनदार टोळी करून चालून आले तर यांनी टेबल टॉप डोंगराच्या उतारावरनं धोंडे गडगडत सोडले आणि त्यांना माघारी पिटाळलं. चढाचा रस्ता, वरून दगड, खाली घोडे आणि गाड्या. सह्याद्रीतल्या माणसाला यातलं डोकं लगेच कळेल. त्यानंतर गाड्यांच्या सोबतीला सैनिक ठेवावे लागले. आता टुवूंबाच्या नव्या हायवेवर जो मोठा पूल आहे त्याचं नाव मल्टगेरा व्हायाडक्ट, २०१९ ला सुरू झाला. इकडं येणाऱ्यांनी नाव वाचून पुढं जाऊ नका एवढंच सांगतो.

---

राजगड_वारी

टुवूंबाची_वाट, घाटवाट अडवणं हे वाचून खरंच उठून बसलो. अजून असं कुठं भूगोलाचा वापर केलेला आहे का?

---

मृण्मयी_वेंटी

आहे ना. व्हिक्टोरियाच्या पश्चिमेला गुंडिचमारा लोक. त्यांचा मुलूख जुन्या ज्वालामुखीच्या लाव्हाचा, सगळीकडं खडकांचे ढीग आणि भेगा, घोडा पाय टाकू शकत नाही. १८४० च्या दशकात ते मेंढ्यांचे कळप हाकत त्या दगडांत न्यायचे आणि मागून येणाऱ्याला घोडा सोडून पायी यावं लागायचं. याच दगडांत त्यांनी ६६०० वर्षांपूर्वीपासून मासे धरायचे चर आणि बांध घातलेत, ईल मासा वाढवायचे, बुज बिम म्हणतात त्याला, २०१९ ला युनेस्कोच्या यादीत आलं. नुसते भटके होते, जमिनीचा उपयोग करत नव्हते म्हणून जमीन कुणाचीच नव्हती, हे जे सांगितलं गेलं त्याला याहून ठोस उत्तर नाही.

---

तारा_पर्थ

पश्चिमेकडचं मी सांगते. पर्थमध्ये नदीतल्या एका बेटावर येगनचा पुतळा आहे. नूंगार लोकांचा येगन १८३३ ला मारला गेला, दोन गोऱ्या पोरांनी गोळी घातली. डोकं इंग्लंडला नेलं, ते लिव्हरपूलच्या म्युझियममध्ये होतं, मग तिथल्या स्मशानात पुरलं, १९९७ मध्ये नूंगार मंडळींनी ते परत आणलं आणि २०१० मध्ये विधिवत पुरलं. पुढच्याच वर्षी १८३४ ला पिंजाराचं हत्याकांड, तिथं गव्हर्नर स्टर्लिंग स्वतः घोड्यावर होता.

आणि उत्तरेला किंबर्लीत जांडामारा, बुनुबा जमातीचा. याची गोष्ट अशी की तो आधी पोलिसांकडंच माग काढायच्या कामाला होता, बंदूक चालवायला आणि घोड्यावर बसायला तिथंच शिकला. १८९४ मध्ये त्याच्याच माणसांना साखळदंडात बांधून आणलेलं, त्यानं त्या पोलिसाला, रिचर्डसनला, गोळी घातली आणि सगळ्यांना सोडवलं. नोव्हेंबरात विंजाना गॉर्जमध्ये दोन्हीकडनं बंदुकांची लढाई झाली. जखमी झाला तरी निसटला, गुहांच्या आधारानं आणखी दोन वर्षांवर टिकला. लोक म्हणायचे त्याचा जीव शरीरात नाहीच. १ एप्रिल १८९७ ला टनेल क्रीक नावाच्या गुहेजवळ मारला गेला, आणि तेही दुसऱ्या आदिवासी माग्याच्या हातून. तिथं फिरायला जाता येतं, आतून पाणी वाहतं, टॉर्च घेऊन जावं लागतं. गेलात तर बुनुबा गाईडबरोबर जा.

डोकं इंग्लंडला. त्याचंही.

---

स्पष्टवक्ता

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे पण एक प्रामाणिक प्रश्न. आपण तिथं नोकरीला गेलेली माणसं, त्या देशानं आपल्याला घर दिलं, नागरिकत्व दिलं. त्यांच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या भांडणात मराठी माणसानं का पडावं? शिवाय ते गोरे म्हणजे तरी कोण, पाव चोरला म्हणून काळ्या पाण्यावर पाठवलेले कैदी. त्यांचाही विचार करा की.

---

मृण्मयी_वेंटी

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मायल क्रीकला सापडतं असं मला वाटतं, म्हणून जरा लांब लिहिते.

१० जून १८३८. न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला मायल क्रीक नावाचं गुरांचं स्टेशन. वीरायराय लोकांचा एक गट तिथं तळ ठोकून होता, स्टेशनवरच्या माणसांशी त्यांची चांगली ओळख झालेली, मुलं त्यांच्यात खेळायची. तरणे पुरुष झाडांच्या साली काढायच्या कामाला दुसऱ्या स्टेशनवर गेलेले. तेव्हा घोडेस्वार आले, स्टेशनवरचा एक कैदी त्यांना जाऊन मिळाला, मिळून १२ जण, एक सोडून सगळे कैदी किंवा सुटलेले कैदी. २८ माणसांना, म्हातारे बायका पोरं, एका दोरीला बांधून नेलं आणि तलवारींनी कापलं, नंतर प्रेतं जाळली.

आता बघा. मारणारे कैदी. पण साक्ष देणारा जॉर्ज अँडरसन हाही कैदीच, स्टेशनवरचा साधा झोपडी राखणारा, त्यानं त्यांच्यात सामील व्हायला नकार दिला आणि कोर्टात उभं राहून सगळं सांगितलं. स्टेशनचा व्यवस्थापक हॉब्स यानं खून दाबला नाही, वर कळवला, पुढं त्याची नोकरी गेली. त्यामुळं "बिचारे कैदी" म्हणून कुणाला सूट देता येत नाही, त्याच झोपडीत राहणाऱ्या दोन कैद्यांनी दोन वेगळे रस्ते धरले.

खटला झाला, ज्युरीनं १५ मिनिटांत सगळ्यांना सोडलं. ॲटर्नी जनरल प्लंकेटनं हार मानली नाही, पुन्हा खटला भरला आणि १८ डिसेंबर १८३८ ला सात जणांना फाशी झाली. उरलेल्या चौघांवरचा खटला बारगळला कारण डेव्ही नावाचा आदिवासी तरुण, ज्यानं सगळं पाहिलं होतं, त्याला ख्रिस्ती शपथ घेता येत नाही म्हणून त्याची साक्षच धरली नाही. आणि टोळीचा बारावा, एकटा जन्मानं मोकळा असलेला जॉन फ्लेमिंग, कधी पकडलाच गेला नाही. या फाशीनंतर वसाहतीत संताप उसळला, आणि पुढचे मारेकरी एकच गोष्ट शिकले, साक्षीदार ठेवायचा नाही, कागदावर आणायचं नाही.

दोनशे वर्षांपूर्वीचं म्हणताय तर शेवटचं मोठं हत्याकांड १९२८ चं आहे, नॉर्दर्न टेरिटरीत कोनिस्टनला. दुष्काळात एका पाणवठ्यावर एका गोऱ्या डिंगो (रानकुत्रे) शिकाऱ्याला मारलं म्हणून पोलीस कॉन्स्टेबल मरे टोळी घेऊन कित्येक आठवडे फिरला. सरकारी आकडा ३१, वार्लपिरी लोक शंभराच्या वर सांगतात. चौकशी समितीनं सगळं योग्य ठरवलं. माझी आजी तेव्हा जन्मलेली होती.

आणि मराठी माणसाचं काय विचारलंत. आपण २६ जानेवारीला सकाळी इथं झेंडावंदन करतो, ब्रिटिशांपासून मोकळे झाल्याचं प्रजासत्ताक. त्याच दिवशी त्याच शहरात आदिवासी लोक मोर्चा काढतात कारण त्यांच्याकडं ब्रिटिश त्या दिवशी आले. १९३८ पासून ते हा दिवस दुखवट्याचा म्हणून पाळतायत. आपल्याला दोन्ही बाजू कळू शकतात, कदाचित इथल्या कुणाहीपेक्षा जास्त. नागरिकत्व घेतलं म्हणजे देशाचा इतिहास पण घेतला, नुसता पासपोर्ट नाही.

---

स्पष्टवक्ता

कोनिस्टनचं ठाऊक नव्हतं. बाकी माझं मत थोडं वेगळं आहे पण मुद्दा पोचला.

---

जुना_वाचक

एकूण किती माणसं गेली याचा काही भरवशाचा आकडा आहे का?

---

टुवूंबाची_वाट

काका, न्यूकॅसल युनिव्हर्सिटीत लिंडल रायन या प्राध्यापिका बाईंनी २०१७ पासून नकाशा तयार केलाय, ऑनलाइन बघता येतो. नि:शस्त्र किंवा बेसावध अशा सहा किंवा जास्त माणसांना एका वेळी मारलं तरच हत्याकांड म्हणून धरलंय, आणि प्रत्येक जागेला पुरावा. १७८८ ते १९३० अशी ४०० च्या वर ठिकाणं, १० हजारांहून जास्त आदिवासी. हा फक्त हत्याकांडांचा आकडा, एकेकटे मारले ते यात नाहीत, चकमकीत पडले ते नाहीत. एकट्या क्वीन्सलँडसाठी रेमंड इव्हान्स आणि रॉबर्ट अर्स्टेड-जेन्सन यांनी नेटिव्ह पोलिसांच्या गस्तींवरनं हिशोब मांडला तो ६५ हजारांवर जातो. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाची ६० हजारांच्या वर माणसं गेली, त्यांची नावं गावोगावच्या दगडांवर कोरलेली आहेत.

---

अनुराधा_पी

कॅनबेराच्या वॉर मेमोरियलमध्ये यांना जागा आहे का मग?

---

मृण्मयी_वेंटी

वर्षानुवर्षं नाही म्हणत होते, आमचं काम परदेशी लढलेल्या ऑस्ट्रेलियन सैन्याचं, असं कारण. २०२२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की या सरहद्दीवरच्या लढायांना जास्त जागा देऊ. त्यावरही वाद चालूच आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात आदिवासींना संसदेत सल्ल्याचा आवाज द्यायचा का यावर सार्वमत झालं आणि साधारण ६० टक्के लोकांनी नाही म्हटलं, त्यामुळं वारं कुठलं आहे ते कळतं. माझं मत स्पष्ट आहे, पेमुलवॉय, विंड्राडाइन, टाँगरलाँगेटर यांची नावं तिथं कोरली गेली पाहिजेत, देशासाठी लढून मेलेली माणसं म्हणून.

---

विदुला_क

ताई आम्ही ब्लॅकटाउनला असतो. मुलांना घेऊन कुठं जाता येईल? नुसतं वाचून दाखवण्यापेक्षा.

---

मृण्मयी_वेंटी

@विदुला, जवळचं म्हणजे ॲपिन, तुझ्याकडनं तासाभरावर. कॅटरॅक्ट धरणाजवळ स्मारकाची पाटी आहे, दर एप्रिलमध्ये दारावल लोक आणि स्थानिक मंडळी मिळून कार्यक्रम करतात, कुणीही गेलं तरी चालतं. प्रॉस्पेक्ट टेकडी तर घराजवळच. मुलं मोठी असतील तर मायल क्रीक. २००० मध्ये तिथं स्मारक झालं, मारलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे वंशज एकत्र येऊन उभं केलेलं, आणि दर जूनच्या लाँग वीकेंडला, रविवारी, तिथं जमतात. बिंगारा गावात राहायची सोय होते पण त्या वीकेंडला लवकर भरतं. यंदा वेंटवर्थविलमधनं दोन-तीन गाड्या काढायचा विचार चाललाय, यायचं असेल त्यांनी मला व्यनि करा. जूनमध्ये तिकडं सकाळी कडाक्याची थंडी असते, मुलांना कानटोप्या घ्या.